टोनआर्मचे भाग बदला, पण सुईची जागा हलू देऊ नका

रेकॉर्ड वाजवणाऱ्या टर्नटेबलवर सुई धरणारा दांडा म्हणजे टोनआर्म. त्याच्यावरचा एखादा भाग बदलणं अवघड नाही. दोन स्क्रू, चार वायरी, मागचं एक वजन, एवढाच पसारा. खरी अडचण नंतर कळते. नवं हेडशेल (आर्मच्या टोकाचा, कार्ट्रिज म्हणजे सुईची डबी धरणारा भाग) बसतं, आवाज येतो, रेकॉर्डच्या बाजूचं पहिलं गाणं सुरेख वाजतं, आणि शेवटच्या गाण्यात गायकाचा प्रत्येक ‘स’ फाटायला लागतो. दोष बहुतेक वेळा नव्या भागाचा नसतोच. भाग बदलताना सुईचं टोक मिलिमीटरभर पुढेमागे झालेलं असतं आणि ते कुणी मोजलेलं नसतं.

म्हणून या कामाचा निम्मा भाग मोजण्याचा आहे, आणि त्यातलं बरंचसं मोजमाप जुना भाग सोडवण्याआधी करायचं असतं.

स्क्रूला हात लावण्याआधी

टर्नटेबल बंद करा, प्लग काढा, ॲम्प्लिफायरही बंद ठेवा. प्लॅटर, म्हणजे रेकॉर्ड ठेवायची फिरती तबकडी, हाताने फिरू नये म्हणून कडेला कागदाची घडी अडकवली तरी चालते. सुईचं कव्हर असेल तर ते चढवा. मोजण्यासाठी आणि वजन ठरवण्यासाठी लागेल तेव्हाच ते काढायचं.

आता कागदावर पाच गोष्टी उतरवा. सध्याची ट्रॅकिंग फोर्स, म्हणजे सुईचा रेकॉर्डवरचा दाब (आर्मवरच्या आकड्यावरून नको, सुईच्या डिजिटल काट्यावर मोजलेली). अँटी-स्केटचा, म्हणजे आर्मला आत ओढणाऱ्या जोराला तोलणाऱ्या सोयीचा, आकडा. आर्मची उंची बदलता येत असेल तर तिथला आकडा. हेडशेल सुटं होणारं असेल तर त्याच्या मागच्या कडेपासून, म्हणजे रबरी वॉशर बसतो त्या जागेपासून, सुईच्या टोकापर्यंतचं अंतर. आणि पाचवी, पिव्हटच्या (आर्म ज्यावर फिरतो त्या बिंदूच्या) केंद्रापासून स्पिंडलच्या (प्लॅटरच्या मधल्या खुंटीच्या) केंद्रापर्यंतचं अंतर.

हे शेवटचं अंतर मोजताना बहुतेकांची चूक होते, कारण पट्टी स्पिंडलच्या मध्यावर नीट टेकत नाही. सोपा उपाय आहे: पिव्हटच्या मध्यापासून स्पिंडलच्या जवळच्या कडेपर्यंत मोजा आणि त्यात स्पिंडलची निम्मी जाडी मिळवा. स्पिंडल साधारण ७.२ मि.मी. जाड असतो, म्हणजे ३.६ मि.मी. मिळवायचे. व्हर्नियर कॅलिपर हाताशी असेल तर आपल्या स्पिंडलची जाडी मोजूनच घ्या. कंपनीचा आकडा माहीत असेल तर तो पडताळून पाहा. टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ वर हे अंतर २१५ मि.मी. आहे, रेगाच्या बऱ्याच आर्मवर २२२ मि.मी. आहे.

शेवटी हेडशेलचे दोन फोटो काढून ठेवा, एक समोरून आणि एक बाजूने. वायरींच्या रंगांचा फोटो तर काढाच.

कुठला भाग काय बिघडवतो

काउंटरवेट, म्हणजे आर्मच्या मागचं वजन, बदललं तर सुईची जागा हलत नाही, फक्त वजनाचा तोल बदलतो. वायरी बदलल्या तर भूमिती तशीच राहते, मात्र जाड आणि ताठ वायर कार्ट्रिजला एका बाजूला ओढू शकते. हेडशेल बदललं की सगळंच बदलतं: सुई किती पुढे आहे, कोन किती आहे, उंची, कलणं, वजन. नुसतं कार्ट्रिज बदललं तरी तीच कथा, कारण प्रत्येक कार्ट्रिजमध्ये स्क्रूच्या भोकांपासून सुईचं टोक वेगळ्या अंतरावर असतं. आणि आर्मचा पाया किंवा आर्म बसवायचा बोर्ड बदलला, तर पिव्हट ते स्पिंडल हे मूळ अंतरच हलतं. मग आधीचा कुठलाही आकडा कामाचा राहत नाही.

एक अपवाद आहे. सिंगल स्क्रूने बसणाऱ्या टी४पी, म्हणजेच पी-माउंट कार्ट्रिजमध्ये सुईची जागा आणि वजन कारखान्यातच ठरलेलं असतं. ते सॉकेटमध्ये खोचायचं, स्क्रू लावायचा, आणि ट्रॅकिंग फोर्स १.२५ ग्रॅम. पुढचं बरंचसं त्यांना लागू नाही.

हेडशेल घेताना वजन बघा

हेडशेलचा रंग आणि बोटाची पकड बघून खरेदी होते, वजन कुणी बघत नाही. हेडशेलचं वजन आर्मच्या अगदी टोकाला असतं, त्यामुळे तिथे वाढलेला प्रत्येक ग्रॅम आर्मच्या परिणामी वस्तुमानात (हलताना सुईला जाणवणाऱ्या वजनात) जवळजवळ ग्रॅमला ग्रॅम वाढतो. मागच्या काउंटरवेटचं तसं नाही. ते पिव्हटजवळ असतं, म्हणून त्याचा परिणाम फार कमी.

आर्मचं वजन आणि कार्ट्रिजच्या रबरी टांगणीचा लवचीकपणा, ज्याला कंप्लायन्स म्हणतात, यांची मिळून एक स्वाभाविक कंपनसंख्या असते. ती ८ ते १२ हर्ट्झच्या मध्ये असावी. त्याखाली गेली तर वाकड्या रेकॉर्डवर आर्म नाचतो आणि स्पीकरचे पडदे उगाच आतबाहेर होतात. वर गेली तर खर्जाच्या सुरांत तिची ढवळाढवळ सुरू होते.

हिशेब असा: आर्मचं परिणामी वस्तुमान, कार्ट्रिजचं वजन आणि स्क्रूंचं वजन ग्रॅममध्ये मिळवा. त्याला कंप्लायन्सच्या आकड्याने गुणा. गुणाकाराचं वर्गमूळ काढा आणि १५९ ला त्याने भागा. उदाहरण घेऊ. आर्म १२ ग्रॅम (मूळ ७.५ ग्रॅमच्या हेडशेलसह), कार्ट्रिज ऑर्टोफॉन २एम रेड ७.२ ग्रॅम, स्क्रू ०.८ ग्रॅम: एकूण २०. कंप्लायन्स २०. गुणाकार ४००, वर्गमूळ २०, आणि १५९ भागिले २० म्हणजे ७.९५ हर्ट्झ. जेमतेम काठावर. याच आर्मवर १२ ग्रॅमचं जाडजूड हेडशेल चढवलं की एकूण वजन साडेचोवीसच्या आसपास जातं आणि कंपनसंख्या सव्वासातच्या खाली उतरते. हेच हेडशेल डेनॉन डीएल-१०३ सारख्या ताठ कार्ट्रिजला मात्र मानवतं.

इथे एक खाचखळगा आहे. काही जपानी कंपन्या कंप्लायन्सचा आकडा १०० हर्ट्झवर मोजून देतात. या सूत्राला १० हर्ट्झचा आकडा लागतो, आणि तो साधारण दीडपट ते दुप्पट असतो. डीएल-१०३ चा ५ हा आकडा १०० हर्ट्झचा आहे. तो तसाच सूत्रात घातला तर उत्तर चुकेल.

वायरी काढणं आणि लावणं

नवशिक्यांचं सर्वांत जास्त नुकसान या टप्प्यावर होतं, म्हणून सावकाश.

हेडशेलमधल्या चार वायरींच्या टोकांना छोट्या धातूच्या नळ्या असतात, त्या कार्ट्रिजच्या मागच्या पिनांवर बसतात. वायर केसासारख्या बारीक तारांची असते आणि नळीच्या तोंडाशी डाखाने धरलेली असते. वायरला धरून ओढली की ती तिथेच तुटते. बारीक चपट्या तोंडाच्या चिमट्याने नळीचं धातूचं अंग पकडा, आणि पिनच्या सरळ रेषेत मागे ओढा. हलत नसेल तर किंचित डावी-उजवी फिरवत ओढा. वरखाली वाकवू नका, पिन कार्ट्रिजच्या आतून सैल होते.

नवी नळी पिनवर जात नसेल तर दाबू नका. लाकडी टूथपिकचं टोक नळीत घालून हलकेच फिरवा, नळीची फट कणभर उघडते. उलट ती सैल बसत असेल, तर टूथपिक आतच ठेवून चिमट्याने नळीला बाहेरून जरा दाब द्या. टूथपिक आत असल्यामुळे ती चेपून सपाट होत नाही. नळी बसताना हाताला एकसारखा, थोडा घट्ट विरोध जाणवला पाहिजे.

रंग ठरलेले आहेत: पांढरा डावा धन, निळा डावा ऋण, लाल उजवा धन, हिरवा उजवा ऋण. कार्ट्रिजच्या पिनांची मांडणी मात्र कंपनीनुसार बदलते. म्हणून जागा बघून नाही, पिनजवळचा रंग किंवा खूण बघून लावा.

कार्ट्रिजच्या पिनांना थेट डाख कधीही देऊ नका. उष्णता पिनमधून आतल्या बारीक गुंडाळीपर्यंत जाते आणि कार्ट्रिज संपतं. नळीला डाख द्यायचाच असेल तर ती कार्ट्रिजपासून सुटी असताना द्या. आणि वायर अखंड आहे का हे मल्टिमीटरने तपासायचं असेल, तर तेही कार्ट्रिज जोडलेलं नसताना. मूव्हिंग कॉइल (हलत्या गुंडाळीच्या) कार्ट्रिजमधून मीटरचा प्रवाह जाऊ देऊ नये.

आर्मच्या नळीतल्या आतल्या वायरी बदलणं हे पहिल्या वेळचं काम नाही. करायचंच झालं तर जुन्या वायरीच्या टोकाला दोरा बांधून ती बाहेर ओढा, म्हणजे नवी वायर ओढून घ्यायला दोरा आत राहील. पिव्हटमधून वायर बाहेर येते तिथे तिचा एक सैल वळसा ठेवा. ताठ किंवा ताणलेली वायर तिथे स्प्रिंगसारखं काम करते आणि अँटी-स्केटचं सगळं गणित फसवते. बेअरिंगचे स्क्रू या भरात आवळू नका. ते कारखान्यात फार नाजूक दाबावर बसवलेले असतात.

कार्ट्रिज हेडशेलवर

स्क्रू एम २.५ मापाचे, दोन भोकांमधलं अंतर १२.७ मि.मी. लोखंडी स्क्रू वापरू नका, कार्ट्रिजचं चुंबक त्यांना आणि तुमच्या स्क्रूड्रायव्हरलाही खेचतं. ॲल्युमिनियमचे किंवा चुंबकाला न चिकटणारे स्टीलचे स्क्रू घ्या. लांबी एवढीच की नटातून एक-दोन आटे बाहेर दिसावेत. कार्ट्रिजच्या अंगातच आटे असतील तर लांब स्क्रू आत टेकून अंग फोडू शकतो, तिथे आधी हाताने फिरवून खोली बघा.

आत्ता स्क्रू पूर्ण आवळायचे नाहीत. कार्ट्रिज आपोआप घसरू नये, पण बोटाने ढकललं की सरकावं, इतपत. नंतर आर्मला बसवा. सुट्या हेडशेलच्या मागचा रबरी वॉशर एकच आहे ना, हे बघा. जुना वॉशर आर्मच्या तोंडात चिकटून राहतो आणि नव्याबरोबर दोन होतात. मग हेडशेल एका वॉशरच्या जाडीइतकं पुढे बसतं आणि घट्टही राहत नाही.

आता कामचलाऊ तोल साधा: अँटी-स्केट शून्यावर, सुईचं कव्हर काढलेलं, काउंटरवेट मागेपुढे करून आर्म हवेत आडवा तरंगेल असा. मग कार्ट्रिजच्या शिफारशीएवढी ट्रॅकिंग फोर्स द्या. प्रोट्रॅक्टरवर (सुईची जागा आणि कोन तपासायच्या छापील मापावर) काम करायला सुईवर खरंखुरं वजन हवं, कारण वजनाने कँटिलिव्हर, म्हणजे सुई धरणारी बारीक दांडी, वाकतो आणि टोकाची जागा थोडी बदलते.

प्रोट्रॅक्टर: इथे घाई नको

पिव्हटवर फिरणारा आर्म रेकॉर्डवर वर्तुळाकार कमानीत जातो, तर रेकॉर्ड कापणारी सुई सरळ त्रिज्येवरून गेलेली असते. दोन्ही मार्ग फक्त दोन ठिकाणी जुळवता येतात. त्यांना शून्य बिंदू म्हणतात, इंग्रजीतून आलेला ‘नल पॉइंट’ हा शब्दही चालतो. बाकी सगळीकडे थोडी चूक राहणारच. ती कुठे ठेवायची, एवढंच आपल्या हाती.

एरिक लोफग्रेन यांनी १९३८ मध्ये हे गणित मांडलं. १९४१ मध्ये बेअरवाल्ड यांनी मांडलेली रचना लोफग्रेनच्या पहिल्या रचनेशी जुळते: शून्य बिंदू ६६.० आणि १२०.९ मि.मी. लोफग्रेनच्या दुसऱ्या रचनेत ते ७०.३ आणि ११६.६ मि.मी. असतात, इथे एकूण विकृती कमी पण आतल्या खाचांत थोडी जास्त. स्टीव्हन्सन यांच्या १९६६ च्या रचनेत आतला बिंदू अगदी शेवटच्या खाचेवर, ६०.३२५ मि.मी. वर, आणि बाहेरचा ११७.४ मि.मी. वर. ही सगळी अंतरं स्पिंडलच्या केंद्रापासूनची. पहिल्यांदाच करत असाल तर बेअरवाल्ड निवडा, त्यात चूक सगळीकडे सारखी वाटली जाते. ज्यांच्याकडे लांबलचक, शेवटपर्यंत भरलेल्या शास्त्रीय संगीताच्या रेकॉर्ड जास्त आहेत त्यांना स्टीव्हन्सन मानवेल.

ओव्हरहँग, म्हणजे सुई स्पिंडलच्या किती पुढे जाते ते अंतर, काढायचं सूत्र साधं आहे. दोन शून्य बिंदूंचा गुणाकार करा, त्यात पिव्हट-स्पिंडल अंतराचा वर्ग मिळवा, आणि वर्गमूळ काढा. ते उत्तर म्हणजे पिव्हटपासून सुईचं अंतर. त्यातून पिव्हट-स्पिंडल अंतर वजा केलं की ओव्हरहँग. २१५ मि.मी. साठी बेअरवाल्ड: ६६.० गुणिले १२०.९ म्हणजे ७९७९, त्यात २१५ चा वर्ग ४६२२५, बेरीज ५४२०४, वर्गमूळ २३२.८. ओव्हरहँग १७.८ मि.मी. पिव्हट-सुई रेषेशी कार्ट्रिजचा कोन साधारण २३.७ अंश.

आता टेक्निक्सचा स्वतःचा आकडा बघा: ओव्हरहँग १५ मि.मी., कोन २२ अंश. त्यांच्या प्लॅस्टिकच्या मापात सुई हेडशेलच्या मागच्या कडेपासून ५२ मि.मी. वर येते, आणि त्यातून शून्य बिंदू सुमारे ५८.८ आणि ११३.५ वर पडतात. म्हणजे कंपनीचं माप स्टीव्हन्सनच्या जवळचं. त्या आर्मवर बेअरवाल्ड लावलं तर कार्ट्रिज जवळजवळ तीन मि.मी. पुढे आणि सुमारे दोन अंश आत वळलेलं बसतं. हेडशेलमध्ये ते तिरकं दिसतं. दिसू द्या. कार्ट्रिज हेडशेलच्या कडेला समांतर असायलाच हवं असा नियम नाही, आणि ‘सरळ करून टाकू’ म्हणून केलेली दुरुस्ती हीच सर्वांत नेहमीची चूक.

एक मिलिमीटरने काय फरक पडतो? वरच्या उदाहरणात सुई १ मि.मी. जास्त पुढे गेली, तर शून्य बिंदू ६६ आणि १२१ वरून ७६.५ आणि ११०.४ वर सरकतात. ६० मि.मी. त्रिज्येवर, म्हणजे शेवटच्या गाण्यात, कोनाची चूक ०.८ अंशावरून सुमारे १.९ अंशावर जाते. सुरुवातीला सांगितलेला फाटका ‘स’ तो हाच.

प्रोट्रॅक्टर छापून घेतला असेल तर आधी त्यावरची १०० मि.मी. ची रेघ पट्टीने मोजा. छपाईत ‘पानाला बसवा’ असा पर्याय चालू राहिला तर ती ९६-९७ भरते आणि सगळं काम वाया जातं. स्पिंडलचं भोक कात्रीने वेडंवाकडं कापू नका, अर्धा मिलिमीटर सैल भोक म्हणजे अर्धा मिलिमीटर चूक. छेदक पंच नसेल तर भोकाच्या मध्यातून चांदणीसारख्या चिरा द्या, म्हणजे कागद स्पिंडलभोवती घट्ट बसतो. आणि कागद नेहमीच्या मॅटवर ठेवलेल्या एका टाकाऊ रेकॉर्डवर ठेवा, म्हणजे सुई खऱ्या वाजवण्याच्या उंचीवर राहील.

आता सुई बाहेरच्या बिंदूवर टेकवा. आर्म उचलायच्या तरफेने (लिफ्टने) सावकाश खाली आणा. एक डोळा मिटून, भिंगातून, सुईच्या अगदी समोरून बघा. टोक बिंदूवर पडलं नसेल तर आर्म उचला, कार्ट्रिज हेडशेलच्या खोबणीत पुढेमागे सरकवा, परत टेकवा. टेकलेली सुई कधीही कागदावरून ओढू नका. टोक बिंदूवर आलं की आपली मान सरळ कँटिलिव्हरच्या रेषेत आणा. प्रोट्रॅक्टरवरच्या समांतर रेघांशी ती दांडी समांतर हवी. कार्ट्रिजचं चौकोनी अंग नव्हे: अंग सरळ आणि दांडी अर्धा अंश वाकडी, असं नवीन कार्ट्रिजमध्येही आढळतं. आपल्याला संगीत दांडी देणार आहे, खोकं नाही.

मग आतल्या बिंदूवर तेच. सुई तिथे टेकते पण दांडी रेघांशी तिरकी जाते, असं झालं तर तिरकेपणा बघा. दांडीचं पुढचं टोक स्पिंडलकडे जास्त वळलेलं असेल तर कार्ट्रिज खूप मागे आहे, उलट असेल तर खूप पुढे. अर्धा मिलिमीटर सरकवा, कोन नीट करा, बाहेरचा बिंदू परत बघा. दोन्ही बिंदू जुळेपर्यंत चार-पाच फेऱ्या होतात, सवयीच्या माणसालाही होतात. दोन बिंदूंच्या प्रोट्रॅक्टरचा मोठा फायदा हा की दोन्ही ठिकाणी दांडी समांतर आली म्हणजे पिव्हटचं अंतर मोजताना झालेली लहान चूकही यातच भरून निघते. कमानीच्या प्रोट्रॅक्टरचं तसं नाही. तो त्याच एका आर्मसाठी, त्याच अंतरासाठी छापलेला असावा लागतो.

स्क्रू आवळताना दोन्ही आळीपाळीने, पाव-पाव फेरा. एकच आवळत गेलात तर कार्ट्रिज त्या स्क्रूभोवती फिरतं. आवळून झाल्यावर दोन्ही बिंदू पुन्हा तपासा. हा पुन्हा तपासायचा टप्पा लोक टाळतात आणि तिथेच अर्धा अंश हातचा जातो.

काही डीजे टर्नटेबलवर आर्म सरळ असतो, त्याला कोनच नसतो आणि सुई स्पिंडलच्या अलीकडेच थांबते. तो तसाच बनवलेला आहे. त्यावर हे प्रोट्रॅक्टर लावून ‘दुरुस्त’ करायला जाऊ नका.

वजन: मागून पुढे

भूमिती बसली की तोल नव्याने. जड हेडशेलला मागचं मूळ काउंटरवेट पुरेल का, हे आधी काढता येतं. सुई पिव्हटपासून २३० मि.मी. वर आहे आणि पुढे ५ ग्रॅम वाढले, तर ११५० ग्रॅम-मिलिमीटरचा भार वाढला. काउंटरवेट १०० ग्रॅमचं असेल तर ते ११.५ मि.मी. मागे न्यावं लागेल. मागे तेवढी जागा नसेल तर जोड वजन किंवा जड काउंटरवेट लागेल. पर्याय असेल तर जड वजन पिव्हटच्या जवळ, हे हलकं वजन दूर यापेक्षा चांगलं: तोल तोच राहतो, जडत्व कमी होतं.

दुसऱ्या कंपनीचं काउंटरवेट लावलं की त्यावरचे ग्रॅमचे आकडे निरर्थक होतात, कारण आट्यांचं अंतर आणि वजन वेगळं. सुईचा डिजिटल काटा, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा, इथे खर्च वसूल करून देतो. काट्याची टेकण रेकॉर्डच्या उंचीवर येईल असा तो ठेवा. दोन-चार मि.मी. उंच ठेवला तर वाचन बदलतं. शिफारशीत पल्ला दिला असेल, उदाहरणार्थ १.६ ते २.०, तर मध्यापासून किंचित वर राहा. ‘हलकं म्हणजे रेकॉर्डला सुरक्षित’ हा समज उलटा आहे. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि भिंती खरवडते.

जुन्या आर्ममध्ये मागचा दांडा रबरावर टांगलेला असतो. ते रबर वयाने बसतं आणि काउंटरवेट खाली झुकलेलं दिसतं. तसं असेल तर आधी रबर बदला, नाहीतर तोल रोज थोडा वेगळा मिळेल.

कलणं आणि उंची

एक लहान सपाट आरसा रेकॉर्डवर ठेवून त्यावर सुई अलगद टेकवा आणि अगदी समोरून बघा. सुई आणि तिचं प्रतिबिंब एका सरळ उभ्या रेषेत दिसायला हवं. मधे कोपरासारखा बाक दिसला तर कार्ट्रिज एका बाजूला कललंय. सुट्या हेडशेलमध्ये मागची पिन आणि खोबण यांत थोडी ढील असते, म्हणून हेडशेल बदलल्यावर हे हमखास बघायचं. काही हेडशेलच्या मानेत छोटा स्क्रू असतो, तो सैल करून मान फिरवता येते. नसेल तर कार्ट्रिज आणि हेडशेलच्या मधे एका बाजूला पातळ पत्रीचा तुकडा.

उंचीवर नवशिक्या लोकांनी फार रात्री जागवू नयेत. २३० मि.मी. च्या आर्मवर मागचा भाग ४ मि.मी. वर केला तेव्हा कुठे सुईचा कोन १ अंशाने बदलतो. नवं हेडशेल १ मि.मी. जाड असेल तर फरक पाव अंशाचा. आर्म रेकॉर्डला समांतर ठेवा, ही सुरुवात पुरेशी आहे. निमुळत्या आर्मवर नळीच्या कडेकडे बघू नका, नळीच्या मध्यरेषेकडे बघा. रेगासारख्या आर्मवर उंचीचा स्क्रू नसतो, तिथे पायाखाली ठरावीक जाडीच्या चकत्या घालतात. उंची दोन-तीन मि.मी. पेक्षा जास्त हलवली तर प्रोट्रॅक्टरवर आणि काट्यावर पुन्हा एक नजर टाका, दोन्ही थोडे सरकलेले असतात.

अँटी-स्केट आणि शेवटची ऐकणी

ट्रॅकिंग फोर्सएवढाच आकडा अँटी-स्केटला लावून सुरुवात करा. खाच नसलेल्या गुळगुळीत रेकॉर्डवर आर्म स्थिर राहतो का, ही कसोटी बरेच जण करतात. ती फसवी आहे, कारण सपाट पृष्ठभागावरचं घर्षण खाचेतल्या घर्षणासारखं नसतं. त्यापेक्षा कान लावा. आर्म आतल्या बाजूला ओढला जातो, त्यामुळे सुई खाचेच्या आतल्या, डाव्या चॅनलच्या भिंतीवर जास्त दाबते आणि बाहेरची, उजव्या चॅनलची भिंत सुटते. मोठ्या आवाजाच्या जागी फक्त उजवा चॅनल फाटत असेल तर अँटी-स्केट थोडं वाढवा, फक्त डावा फाटत असेल तर कमी करा.

दोन्ही चॅनल फाटतात आणि तेही फक्त शेवटच्या गाण्यात, तर परत प्रोट्रॅक्टरकडे. संपूर्ण रेकॉर्डभर फाटतं, तर ट्रॅकिंग फोर्स कमी आहे किंवा सुई मळली आहे. एक चॅनल बंद, तर वायरची नळी सैल. आवाज येतो पण खर्ज गायब आणि गायक मध्यावर न राहता खोलीभर विरघळलेला वाटतो, तर एका चॅनलचे धन-ऋण उलटे लागलेत. घुंई येते, तर ऋण वायरी आणि जमिनीची वायर तपासा. हेडशेलची मागची कड सैल असली तरी घुंई येते, तिथला गोल नट हाताने नीट आवळा.

नव्या कार्ट्रिजची रबरी टांगणी पहिल्या २०-३० तासांत मऊ होते आणि सुई किंचित खाली बसते. तेवढं वाजवून झालं की काट्यावर वजन आणि प्रोट्रॅक्टरवर दोन्ही बिंदू पुन्हा बघा, आणि सुरुवातीच्या त्याच कागदावर जुन्या पाच आकड्यांशेजारी नवे पाच आकडे तारखेसह लिहून ठेवा.